बिजागऱ्या बाहेरून

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच ती गोष्ट आहे. भर दिवसा, कुलूप न तोडता, कडीला बोट न लावता मी सरकारचं एक अख्खं दार पळवून आणलं, आणि दार गेलंय हे सरकारला कळायला सहा वर्षं लागली. आमचं मांजर दोन दिवस दिसलं नाही तर शेजारीपाजारी विचारायला येतात. सहा वर्षं!

लपवलंय कुठं म्हणाल तर कुठंच नाही. माझ्या अंगणात, विटांच्या दोन थप्प्यांवर आडवं टाकलंय. ज्यांना काम नाही ते, आणि ज्यांना काम आहे पण करायचं नाही ते, रोज त्यावर बसून माझ्या थापा ऐकतात.

या अंगणाचा एक नियम आहे. ऐकणाऱ्याला थाप सापडली तर त्यानं मोठ्यानं ‘खोटं’ म्हणायचं. म्हटलं की मी गोष्ट तिथंच टाकणार, पुढं एक अक्षर नाही. इतक्या वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी खरं बोलतो म्हणून नव्हे. पुढं काय झालं ते सगळ्यांनाच हवं असतं, आणि त्यासाठी माणसं वाटेल ते गिळतात.

कारकून आला तेव्हा मी कुऱ्हाडीचा दांडा तासत होतो. ऊन असं, की सावल्यासुद्धा झाडाखाली जाऊन बसल्या होत्या. सून उंबऱ्यापाशी चौकटीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. मांडीवर खुरप्यांच्या मुठी, हातात काचपेपर. खस्स, खस्स. तिला पाचवा महिना. बसताना आधी हात टेकते, मग कंबर, मग बाकीची. पोरगा परगावी छपराच्या कामावर. दारावर गिरणीवाला बसला होता, भुवयांपर्यंत पीठ. माझा जुना दोस्त. वीज गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की हा माझ्याकडे चालू.

कारकून कोवळा होता. नवी पिशवी, नवी वहाण, टाचेला फोड.

“इथं थापाड्या सुतार कोण?”

“सुतार एकच आहे,” गिरणीवाला म्हणाला. “थापा आम्ही सगळेच मारतो. याच्या तेवढ्या रंधा मारून गुळगुळीत केलेल्या असतात.”

“आरोग्य केंद्राचं एक दार नाहीये,” कारकून म्हणाला. “बाळंतपणाच्या खोलीचं. चौकट आहे, दार नाही. पडदा लावलाय. नर्सबाई म्हणाल्या, सुताराला विचारा.”

“कधीपासून नाहीये?”

“ते तुम्हीच सांगायचं. आमच्या कागदावर दरवर्षी ‘दार : आहे’ असंच लिहिलंय.”

“मग आहेच की. बसा, बसा. उभ्या उभ्या दार सापडत नसतं.”

तो दारावर बसला. गिरणीवाल्याला ठसका लागला.

पाणी पिऊन कारकुनानं पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर पसरला. दाराचं सोडा म्हणाला, दाराची चौकशी आपण नंतर बघू. त्याची खरी अडचण निराळी होती. कागदावर एक रकाना होता : केंद्रात झालेली बाळंतपणं. तो कोरा होता.

“सहा वर्षांत एकसुद्धा नाही असं कसं होईल?” तो म्हणाला. “नर्सबाई नीट बोलत नाहीत. म्हणतात, गावाला विचारा. आजोबा, इथं शून्य भरलं ना, तर खोली बिनवापर धरतात. बिनवापर म्हणजे बंद. बंद म्हणजे नर्सबाईंची जागासुद्धा जाते, दुसरीकडे हलवतात. एक असलं तरी भागतं हो. एक. एक असलं की केंद्र वापरात, आणि वापरात असलं की यंदाचा निधी सुटतो.”

“निधीतून काय करणार?”

त्यानं कागद उलटा केला. “कमान.”

“काय?”

“प्रवेशद्वाराला कमान. मंजूर आहे.”

गिरणीवाला म्हणाला, “दार नाही आणि कमान?”

खस्स, खस्स. सुनेचा हात थांबला नव्हता. मी तिच्याकडं पाहिलं. पोटावरून पदर सरकला होता, तिनं तो कोपरानं नीट केला. पाचवा. म्हणजे चार महिने हातात. केंद्रावर पाणी नसेल, औषध नसेल, पण आठवड्यातून दोन दिवस का होईना, नर्सबाई येते. तीही गेली तर काय, शहराचा दवाखाना तीस मैल.

“लिहा,” मी म्हणालो. “पण आधी ऐकावं लागेल. आमच्याकडे आकडा सुटा मिळत नाही, गोष्टीसकट घ्यावा लागतो.”

त्याला मी नियमही सांगितला. तो हसला आणि पेन्सिलीला टोक काढू लागला.

*

केंद्र बांधलं ते सात वर्षांपूर्वी. जमिनीला भेगा पडल्या होत्या, विहिरीत दोर पुरत नव्हता. दुष्काळात सरकारला गावाची आठवण येते, तशी आली. ठेकेदार आला. त्याचं नाव आम्ही घाईशेठ ठेवलं होतं, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. त्यानं मला आणि पोराला दारं-खिडक्यांचं काम दिलं. कागदावर पक्कं लाकूड होतं, आलं ते खोक्यांच्या फळ्यांचं भावंड. रंधा मारला की ढलपी निघायच्या ऐवजी पीठ निघायचं.

“माझ्या गिरणीत टाकलं असतंस तर बारीक निघालं असतं,” गिरणीवाला मध्येच म्हणाला.

ओटीवरून दोन खोल्या उघडायच्या होत्या : एक नर्सबाईची, एक बाळंतपणाची. पण भिंती पुऱ्या व्हायच्या आतच बाळंतपणाचं टेबल येऊन पडलं. लोखंडी, जाडजूड, प्लास्टिकात गुंडाळलेलं. बहुधा ते आधीच्या निधीतून आलं होतं आणि खोली पुढच्या. मग काय केलं असेल? टेबल मधोमध ठेवलं आणि त्याच्याभोवती खोली बांधली! मेल्यावर माणसाभोवती पेटी बांधतात तशी.

मी दार बसवायला गेलो तर आत ढकललं की ते टेबलाला थडकायचं. वीतभर फट राहायची.

मी घाईशेठला बोलावून दाखवलं. “शेठ, यातून नऊ महिन्यांची बाई आत कशी जाईल?”

“जाईल की. आडवी जाईल.”

“आडवी?”

“अरे, बारीकच असतात तुमच्या बायका.”

त्यावर त्याची माणसं हसली. माझी सून तिथंच होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, माहेरची लाज अजून अंगावर होती, तरी तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. तो जरा बाजूला झाला.

“मग उलटं लाव,” तो म्हणाला. “बाहेर उघडू दे.”

“बाहेर उघडलं की बिजागऱ्या बाहेर येणार. मग कुलपाला काय अर्थ? ज्याच्याकडं पेचकस, त्याला किल्ली कशाला?”

“आत चोरायला आहे काय? लाव. वर्षअखेरीला आठ दिवस राहिलेत. निधी खर्ची पडला पाहिजे.”

खर्ची. हा शब्द मी तोवर माणसांसाठीच ऐकला होता. माझा चुलता पुलाच्या कामावर खर्ची पडला, असं आमच्या घरात बोलायचे. पैशाचंही तसंच असतं, तोही कुठंतरी पडतो आणि पुन्हा उठत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दार लावलं. पोरानं चौकट धरली, सुनेनं दार उचलून मांडीवर पेललं आणि मी उकिडवा बसून स्क्रू पिळले. तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू. ती एका हातानं दार पेलायची आणि दुसऱ्या हातानं ताटलीतले स्क्रू एकेक मोजून मला द्यायची. घाम तिच्या हनुवटीवरून दारावर पडत होता. लाकूड तो पिऊन टाकायचं, इतकं सुकं.

*

मग फीत कापायला साहेब आले. त्यांचं पोट आधी आलं, आणि ते स्वतः चहा झाल्यावर आले.

“ही थाप,” गिरणीवाला कारकुनाच्या कानात म्हणाला. “पण चालेल. मीठ आहे.”

बाहेर फळा लावला होता, रंग अजून ओला. माता व बाल आरोग्य केंद्र. खाली यादी : प्रसूती टेबल, वजनकाटा, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका, औषधं. सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत : निधी पूर्णपणे खर्ची. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बांधकामातला माणूस टाळ्या वाजवताना बघत नाही कशाला वाजवतोय.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, की एका खिडकीची पितळी कडी नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. का माझ्याकडं? गर्दीत पिशवी माझ्याच खांद्याला होती म्हणून. साहेबांबरोबर आलेल्या शिपायानं पिशवी घेतली आणि साहेबांच्या समोर उलटी केली. रंधा, पटाशी, करवत, पेचकस, गुण्या, डबीतले खिळे. सगळं धुळीत. तीस वर्षं ज्या हत्यारांना मी जमिनीला टेकू दिलं नव्हतं, ती साहेबांच्या बुटांपाशी पडली.

“सरकारी मालाला हात लावलास,” शिपाई म्हणाला, “तर पुन्हा हत्यार धरायला हात उरणार नाही. समजलं?”

“समजलं,” मी म्हणालो.

“मोठ्यानं.”

“समजलं, साहेब.”

मग कडी सापडली. दुसऱ्या खिडकीला घाईशेठच्या माणसानं दोन ठोकल्या होत्या. सगळे हसले आणि चहाकडं वळले. मी खाली बसून हत्यारं पुसत होतो. सून समोर बसून खिळे वेचत होती. पटाशीची धार तिच्या बोटाला लागली. तिनं बोट तोंडात धरलं, पण चेहरा हलू दिला नाही. त्या गर्दीत तिला रडायचं नव्हतं.

खस्स, खस्स. कारकुनानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कागदाकडं.

*

आता केंद्राचं सांगतो, म्हणजे तुमच्या कागदाला उपयोग होईल. टाकी होती. नळही होते. मधला पाइप नव्हता, तो पुढच्या निधीत होता. रुग्णवाहिकेसाठी पत्र्याची शेड बांधली, गाडी आली नाही. शेडीत आमच्या शेळ्या बसतात. गावातल्या शेळ्यांइतकं आरोग्य खात्यानं कुणासाठीच केलेलं नाही.

आणि वजनकाटा! काटा सत्तेचाळीसवर अडकला होता. कुणीही उभं राहा, सत्तेचाळीस. त्या वर्षी गावातल्या झाडून साऱ्या गरोदर बायकांचं वजन सत्तेचाळीस, पहिल्या महिन्यात तेवढंच आणि नवव्यातही तेवढंच.

“मीही उभा राहिलो होतो,” गिरणीवाला म्हणाला. “पोत्यासकट. सत्तेचाळीस.”

कारकुनाला हसू आलं, मग त्यानं ते गिळलं.

नर्सबाईवर माझा राग नाही. सात गावं आणि चपलांचा एकच जोड. दर महिन्याला त्या चपलेला मी खिळा मारून द्यायचो. रक्त वाढायच्या गोळ्या तिच्याकडं नसायच्या, मग ती बायकांना सांगायची, हिरवी भाजी खा. हिरवं म्हणावं असं त्या वर्षी गावात फक्त केंद्राच्या दाराचा रंग होता. सांगताना ती बायकांकडं बघायची नाही. जमिनीकडं बघायची. खोटं बोलायला लावलेला माणूस आणि हौसेनं बोलणारा माणूस यांच्यात हाच फरक. मी डोळ्यांत बघून बोलतो.

गावात एक म्हातारी सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. तिला कागद आला : यापुढे घरी बाळंतपण केलंस तर खटला. बाळंतपणं केंद्रावरच. तिला वाचता येत नव्हतं, मास्तरांनी वाचून दाखवलं. ती हात धुवून लेकीकडं निघून गेली. जुनं होतं ते कागदानं बंद केलं. नवं होतं तेही कागदावरच राहिलं. आणि मधे आमच्या बायका.

सुनेला दिवस गेले तेव्हा नर्सबाईनं तिचा हात हातात घेतला. “पोरी, घरी बाळंत होऊ नकोस. मी आहे. केंद्रावर ये.”

सून म्हणाली, “येते.” तिचा शब्द म्हणजे खिळा असतो. ठोकला की ठोकला.

*

तो दिवस असाच. असंच ऊन. सकाळपासून ती तिथंच, त्याच उंबऱ्यापाशी बसून खाटेचे पाय घासत होती. दहाच्या सुमाराला उठली, हातातला पाय माझ्यासमोर धरला. “मामंजी, हा घ्या. माझं आता होणार नाही.” आणि खांबाला धरून उभी राहिली.

पोरगा गिरणीवाल्याची सायकल घेऊन शहराकडं सुटला, गाडी मिळते का बघायला. आम्ही लाकडाची हातगाडी काढली, तळाला ढलप्या पसरल्या, वर गोधडी. ती चढली. मी पुढून ओढतोय, हा गिरणीवाला मागून ढकलतोय, याची बायको चादर हातभर वर धरून सावली करत चालतेय. एक चाक दर फेऱ्याला कुईं करायचं. मी स्वतः बनवलेली गाडी, आणि त्या दिवशी मला तिची लाज वाटली. दगडावरून चाक गेलं की सून दात आवळायची. मी म्हणायचो, “आलंच गं.” ती म्हणायची, “तुम्ही पुढं बघा.”

केंद्रावर पोहोचलो. दोन दारं, दोन कुलुपं. नर्सबाईच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली. याच्या बायकोला वाचता येत होतं. तिनं वाचली. माता व बाल आरोग्य, आढावा बैठक, शहरात. संध्याकाळपर्यंत येईन.

“बैठकीत काय करतात?” मी कारकुनाला विचारलं.

“आकडे देतात,” तो हळूच म्हणाला. “आम्हीच बोलावतो. न येणाऱ्याचा पगार कापतात.”

“आणि किल्ली?”

“एकच असते. त्यांच्याकडंच.”

तर किल्ली शहरात. आम्ही ओटीवर. फरशी तव्यासारखी तापलेली. गोधडी अंथरून तिला बसवलं, पाठ दाराला टेकवून. हिरवं दार. बारा स्क्रू. पाणी मागितलं तिनं. नळ सोडला. नळातून वारा आला.

एवढं बोलून मी थांबलो, तोंड पुसलं. इथून पुढं वाट फुटते हे मला ठाऊक होतं. गिरणीवाल्यालाही ठाऊक होतं, तो आपल्या पायांच्या बोटांकडं बघत बसला. कारकुनाची पेन्सिल रकान्यावर टेकली होती. खस्स. खस्स. काचपेपर एकाच जागी फिरत होता.

“मग?” कारकून म्हणाला.

मग काय! तिथंच मला बिजागऱ्या दिसल्या. बाहेरून! घाईशेठच्या मूर्खपणाला मी मनातल्या मनात दंडवत घातला. कमरेचा पेचकस काढला. उन्हानं असा तापलेला की पहिल्या स्क्रूला टेकवताच तो लोण्यासारखा फिरला. दुसरा. तिसरा. गंजलेलेसुद्धा आपणहून बाहेर यायला लागले. बारा स्क्रू निघायला बारा श्वास लागले नाहीत! कुलूप आपलं कडीला लटकतंच आहे, आणि दार बिजागरीकडून उघडतंय. दार खांद्यावर घेतलं, पिसासारखं. आत टेबल. प्लास्टिक फाडलं, त्याचा आवाज शिवारात गेला. याच्या बायकोनं सुनेला वर घेतलं. आणि घटकेत...

“घटकेत?”

“घटकेत पोर रडलं. असं रडलं की शेडीतल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या, आणि पत्रा असा दणाणला की तिकडं शहरात साहेबांना वाटलं रुग्णवाहिका आली!”

कारकून मोकळेपणानं हसला. सबंध दुपारभरात पहिल्यांदा. “म्हणजे टेबलावर झालं. केंद्राच्या आत.”

“अगदी मधोमध.”

“म्हणजे एक.”

“एक,” मी म्हणालो. “लिहा.”

त्यानं पेन्सिल टेकवली.

“खोटं.”

काचपेपरचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. सुनेनं मुठी मांडीवरून खाली ठेवल्या, एकेक, आवाज न करता. हात टेकला, मग कंबर उचलली, आणि उठून उभी राहिली.

“लिहू नका, भाऊ,” ती कारकुनाला म्हणाली.

“पोरी,” मी म्हणालो, “तुझ्याचसाठी...”

“नियम तुमचाच आहे, मामंजी. आता पुढं एक अक्षर नाही.” ती कारकुनाकडं वळली. “बिजागऱ्या यांना दिसल्या नाहीत. मला दिसल्या. मीच म्हणाले, मामंजी, बिजागरी. दोनदा म्हणाले. बारा स्क्रू आहेत, मीच मोजून दिले होते. पेचकस यांच्या कमरेला होता. यांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सरकारी दार आहे गं, किल्ली येईल.”

गिरणीवाल्यानं तोंडावरून हात फिरवला. पिठाचे चार पट्टे उमटले.

“मी यांना बोल लावत नाही,” ती म्हणाली. “यांची पिशवी उलटी केली तेव्हा मी समोर होते. पण मी तीन तास त्या दाराला पाठ लावून बसले होते. आत टेबल आहे हे मला माहीत होतं. माझ्या हातानं पेललेलं दार होतं ते. पोरगी झाली ती ओटीवर झाली. गिरणीवाल्या काकूंनी तिला पालथी केली, चोळली, तोंडात फुंकर घातली. त्यांना तरी काय येणार? जिला येत होतं तिला तुम्ही गावातून घालवलंत, आणि दुसरीला आकडे सांगायला नेलंत. ती रडली नाही. कुठलीच शेळी उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिला पुरून आले, तेव्हा हे पेचकस घेऊन गेले आणि दार काढून आणलं.” तिनं हनुवटीनं दाखवलं. “त्यावर बसलाय तुम्ही.”

कारकून ताडकन उठला. फोड आलेली टाच वहाणेत नीट बसेना.

“ताई,” तो म्हणाला, “मी शून्य लिहिलं तर केंद्र बंद होईल. तुम्हाला पुन्हा... नर्सबाईसुद्धा राहणार नाहीत. एक लिहून टाकतो. कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“पण मग तुमचं...”

“माझं मी बघते. शहरात एक महिना आधीच जाऊन राहीन, हातगाडीत निजेन, काय वाटेल ते करीन. तुमच्या एकावर मी बाळंत होणार नाही. आज तुम्ही एक लिहिलात की ती पोरगी सुखरूप झाली असं ठरेल, आणि तिच्या नावानं तुम्ही कमान बांधाल.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “बाळंतपणाच्या रकान्यात शून्य लिहा. आणि एक लिहायचाच असेल, तर खर्चाच्या रकान्यात लिहा. एक. पूर्णपणे खर्ची.”

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं.

नियम माझाच होता.